काम बाहेर, घोरही बाहेर

आउटसोर्सिंगचं कौतुक करणारे एक वक्ते सध्या आपल्या जिल्ह्यात बरेच मागणीत आहेत. म्हणणं थोडक्यात असं: ज्याला जे जमतं ते त्याला द्यावं, कंपनीचा खर्च वाचतो, गावात रोजगार येतो, सगळे सुखी. पुरावा म्हणून देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडची शेडनेट दाखवतात. बहुतेक रस्त्यावरूनच पाहिली असावीत.

आत काय चालतं? शेजारच्या जालन्यातल्या बियाणे उद्योगासाठी आपले शेतकरी मिरची, टोमॅटो, काकडीचं संकरित बी तयार करतात. नर-मादीचं बी कंपनीचं. शेडनेटचं कर्ज, पाणी, फवारणी, मजुरी शेतकऱ्याची. मिरची-टोमॅटोत बायका उमलायच्या आधीच कळी चिमट्यानं उघडून पुंकेसर काढतात, नंतर नराचा पराग लावतात आणि खुणेला दोरा बांधतात. एखादी कळी नजरेतून सुटली की भेसळ. बी वाळवून पोहोचवलं तरी सुटका नाही. आधी उगवण तपासतात, मग जीओटी, म्हणजे तेच बी लावून झाडं बघायची. त्यात महिने जातात, बाकीचा पैसा तोवर अडकलेला. नमुना काढणार कंपनी, लावणार कंपनी, निकालही तीच देणार. विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरपत्रिकासुद्धा दिसू नये, अशी ही परीक्षा! ‘लॉट फेल’ एवढं फोनवर कळतं. मुळात दिलेल्या बियाण्यातच खोट होती का, हे विचारायचं कुणाला? तोवर बँकेचा हप्ता थांबत नाही, मजुरी तर केव्हाच चुकती केलेली असते.

रोजगार येतो? येतो, कबूल. खर्च वाचतो? कुणाचा, तेवढं सांगा.

हा सूर जुनाच. सरकारी पदं बाह्ययंत्रणेमार्फत भरायचा 2023 च्या सप्टेंबरातला शासन निर्णय आला, तेव्हाही हीच मंडळी कार्यक्षमतेचा गजर करत होती. ऑक्टोबरात निर्णय रद्द झाला. टाळ काही खाली ठेवले नाहीत.

बीजोत्पादन बंद करा, असं मी म्हणत नाही. कोरडवाहू मुलखात त्यानं पैसा आणलाय. करार मराठीत असावा, प्रत शेतकऱ्याकडे असावी. नमुना दोघांसमोर सीलबंद व्हावा, एक भाग शेतकऱ्याला मिळावा. वाद झालाच तर अकोल्याचं कृषी विद्यापीठ जवळच आहे. आणि पैशाला मुदत हवी. लहान उद्योजकाचं बिल 45 दिवसांत चुकतं करा, असं 2006 चा कायदा सांगतो. मिरचीच्या बियाण्यानं काय घोडं मारलंय?