न दुखणारी सूज

ठेवी, वारसनोंद, इच्छापत्र हे या पानाचे नेहमीचे विषय. आज ते बाजूला ठेवून आमच्या घरातील एका आजारपणाविषयी लिहितो आहे. त्यात एक चूक माझी स्वतःची आहे, आणि ती दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये अशी इच्छा आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा भाचा तेव्हा २८ वर्षांचा. साखरपुडा झालेला, लग्न चार महिन्यांवर आलेले. दाढी करताना त्याला डाव्या बाजूचा खालचा जबडा किंचित फुगीर लागला. वेदना नाही, ताप नाही. "मामा, कोणाला दाखवू का?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "दुखत नाही ना? मग कार्य उरकू दे, नंतर पाहू." घरात तंबाखू-गुटख्याला कोणी शिवलेले नाही, त्यामुळे गाठीची शंकाही मनात आली नाही. पुढे मागची दाढ हलू लागली. एका दवाखान्यात एक्स-रे न काढताच ती उपटण्यात आली. महिना लोटला तरी जखम भरेना. तेव्हा दुसऱ्या दंतवैद्यांनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढायला लावला. त्यात दाढांच्या मागे हाडामध्ये साबणाच्या फेसासारखे बुडबुडे दिसले. तुकडा काढून तपासला आणि अहवाल आला: अमेलोब्लास्टोमा.

शब्द ऐकून बहिणीच्या तोंडचे पाणी पळाले. डॉक्टरांनी शांतपणे समजावले. बालपणी जबड्यात दात घडवणाऱ्या पेशी असतात. दात तयार झाले की त्यांचे काम संपते. पण काही अवशेष हाडात आणि हिरडीत राहून जातात. बहुतेकांचे ते जन्मभर निद्रिस्त असतात. क्वचित कोणाचे जागे होतात आणि गाठ वाढू लागते. तंबाखूशी या गाठीचा संबंध नाही, म्हणून निर्व्यसनी माणसानेही निर्धास्त राहू नये. अमेलोब्लास्टोमा सहसा कर्करोग नसतो. परंतु तो हाड आतून पोखरत जातो. वाढ संथ आणि वेदनारहित, त्यामुळे माणूस गाफील राहतो.

आता प्रश्न उपचाराचा. एका ठिकाणी सांगितले गेले की गाठ खरवडून काढू. शस्त्रक्रिया छोटी, चेहरा जसाच्या तसा, लग्नाची तारीखही साधेल. आम्हा सर्वांना तेच हवे होते. दुसऱ्या शल्यचिकित्सकांनी मात्र कागदावर जबडा काढून दाखवला. ही गाठ हाडाच्या जाळीदार भागात एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या कडेच्याही पलीकडे शिरलेली असते. म्हणून भोवतीचे एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाडही काढावे लागते. नुसते खरवडले तर ती पुन्हा उद्भवण्याचा धोका फार मोठा. मला थकलेली कर्जखाती आठवली. नुसते व्याज भरून खाते काही काळ नियमित दिसते. मुद्दल मात्र आत तसेच राहते.

मुलीकडच्यांना काही कळू देऊ नये, असा बहिणीचा आग्रह होता. भाच्याने ऐकले नाही. त्यानेच फोन करून सर्व सांगितले. शस्त्रक्रियेच्या दिवशी ती मुलगी रुग्णालयात आमच्या आधी येऊन बसली होती.

जबड्याचा तो भाग काढला आणि त्या जागी पायातील नडगीलगतचे बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह बसवून त्या मानेतील रक्तवाहिन्यांना जोडल्या. जबड्यासाठी ही पद्धत १९८९ पासून वापरली जाते. पुढे त्याच हाडात रोपण करून दात बसवता आले. लग्न वर्षभराने झाले.

प्रत्येकाला एवढी मोठी शस्त्रक्रिया लागते असे मात्र नाही. एकाच पोकळीचा अमेलोब्लास्टोमा तरुणांत आढळतो. त्यात निवडक रुग्णांना कमी काढूनही भागते. ओडोन्टोमा तर बऱ्याचदा मुलाचा दात वेळेवर का आला नाही हे शोधताना सापडतो, आणि काढला की सहसा परत येत नाही. २०१४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एका १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून अशाच गाठीतील २३२ दात काढल्याचे आपण वाचले असेल. त्याच वर्षी अमेलोब्लास्टोमाच्या पुष्कळ गाठींत बीआरएएफ नावाच्या जनुकात बदल असल्याचे संशोधकांनी दाखवले. त्यावरील औषधे निवडक रुग्णांत वापरली जातात. मुख्य उपचार आजही शस्त्रक्रियाच आहे.

एक्स-रेमध्ये यांतील अनेक गाठी आणि साध्या पाण्याच्या गाठीही सारख्याच दिसतात. म्हणून तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरवू नयेत. चाकू लागला की गाठ पसरते, या भीतीने बायॉप्सी टाळणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की तसे करू नका. जबडा एका बाजूने फुगीर वाटला, निरोगी दात हलू लागला, दात काढल्यावर जखम भरेना किंवा मुलाचा एखादा दात वेळ उलटूनही आला नाही, तर ओपीजी काढून घ्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे या विषयाचे तज्ज्ञ भेटतात. उपचारानंतरही तपासणी सोडू नका, कारण ही गाठ दहा वर्षांनीही परतू शकते.

भाच्याच्या डाव्या ओठाला आजही स्पर्श कळत नाही, कारण त्या बाजूची नस हाडाबरोबर काढावी लागली. चहा पिताना थेंब ओघळला की सूनबाई हळूच रुमाल पुढे करते. दरवर्षी ओपीजीचा दिवस आला की मीच त्याला घेऊन जातो. त्या वेळी "नंतर पाहू" म्हणणारा मीच होतो. आता वेळेवर पाहणे हे माझे काम आहे.