पहिला नंबर कितीने?

भात वाणांच्या चाचणीचा तक्ता समोर आला की पाटण तालुक्यातला शेतकरी काय किंवा कृषी सहायक काय, आधी वरची ओळ बघतो. खरा मजकूर तळाशी असतो.

समजा, तीन वाणांचे सरासरी उत्पादन हेक्टरी 48, 45 आणि 42 क्विंटल आले आणि खाली सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे फरक सार्थक ठरायला लागणारे किमान अंतर) 4 लिहिली आहे. पहिल्या-दुसऱ्यात फरक 3 चा, म्हणजे दोघे ‘ॲट पार’. दुसऱ्या-तिसऱ्यातही 3, तेही ॲट पार. पहिल्या-तिसऱ्यात मात्र 6, हा फरक सार्थक. म्हणून आकड्यांपुढे ए, एबी, बी अशी अक्षरे पडतात. मग मधला कुणाच्या बाजूचा? कुणाच्याच नाही. त्याचा निकाल या चाचणीला लावता आला नाही, एवढेच ‘एबी’ सांगते. ॲट पार म्हणजे सारखेच, असे वाचणे साफ चूक.

सी.डी.ची ही रीत फिशर यांची. कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्या ती पानसे-सुखात्मे यांच्या 1954 च्या पुस्तकातून शिकल्या. त्यातले सुखात्मे आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. हे मिरवायला हरकत नाही. पण रीतीवरचा आक्षेपही खरा आहे. दहा वाणांच्या जोड्या होतात 45. प्रत्येक जोडीत पाच टक्के चकवा धरला, तर सगळे वाण मुळात सारखे असूनही सरासरी दोनेक जोड्यांत फरक ‘सापडतो’. अशा खोट्या विजेत्यापायी कुणी इंद्रायणी सोडली, तर उत्पादन वाढत नाहीच, वर वासाच्या तांदळाचा भावही जातो.

टुकी यांची कसोटी सगळ्या जोड्यांना मिळून पाच टक्क्यांची मर्यादा घालते. मग तीच का लावू नये? कारण डोंगरउताराच्या खाचरांत एका वाफ्यात पाणी टिकते, शेजारच्यातून निसटते. प्रयोगातली चूक मोठी येते. त्यात पुनरावृत्त्या मोजक्याच. तिथे कडक कसोटी लावली की हेक्टरी चार क्विंटल खरोखर जास्त देणारा वाणही ॲट पार ठरून मागे पडू शकतो. दहा गुंठ्यांमागे हे 40 किलो भात झाले. थोडक्या जमिनीवर घर चालवणाऱ्याला ते कमी नाही.

आमचे मत असे: चालू वाणाशीच तुलना करायची हे आधी ठरले असेल, तर 45 जोड्यांचा दंड भरायचे कारण नाही. तुलना नऊच होतात आणि डनेट यांची 1955 ची कसोटी त्यासाठीच आहे. आकडे पाहून मग विजेता शोधायचा असेल, तर मात्र टुकीच. आणि कोयनानगरच्या पावसातला निकाल तारळे-मल्हारपेठेला लागू पडतो का, हे यातली कुठलीच कसोटी सांगत नाही.

कृषी विभागाने पत्रकात नंबर जरूर छापावा. सोबत फरक किती क्विंटलचा, तो किमान-कमाल किती असू शकतो आणि चाचणी किती ठिकाणी, किती हंगाम घेतली, हेही छापावे. येत्या खरिपापासून हे सहज करता येईल.