कार्ड एक, भाडी तीन!

हाँगकाँगने १९९७ साली रेल्वे, बस व नौका एका कार्डात गुंफल्या. आपल्याकडे ‘एक राष्ट्र, एक कार्ड’ ही घोषणा २०१९ साली झाली. मुंबईत त्या कार्डाचे आम्ही स्वागतच करतो. पण खरे दुखणे निराळेच आहे! मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. महिन्याचा पास न परवडणारा मजूर बसमधून उतरून लोकल गाठतो, पुढे मेट्रोत शिरतो आणि प्रत्येक वेळी नव्याने किमान भाडे मोजतो. प्रवास एक, भुर्दंड तिहेरी! बेस्ट, रेल्वे व मेट्रोच्या धुरीणांनी आधी उत्पन्नाची वाटणी ठरवून वाहन बदलणाऱ्यास सवलत द्यावी. मग कार्डे खुशाल वाटावीत. आणि हो, पदराच्या गाठीतली नाणी मोजणाऱ्या म्हाताऱ्या भाजीवालीला ‘कार्ड नाही’ म्हणून कोणी बसमधून उतरवू नये!