घरकुल मिळाले, गटार कोठे आहे?

पिंपरी येथे १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना केली आणि १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. तेव्हापासून या माळरानाचे भाग्य पालटले असे सांगण्यात येते. पिंपरी-चिंचवडला १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका मिळाली. चाकणला मात्र नगर परिषदेसाठी २०१५ साल उजाडावे लागले. तोवर साऱ्या देशाला मोटारी पुरविणाऱ्या या परिसराच्या मुख्य गावाचे पाणी व गटार ग्रामपंचायतीच्या हाती होते. भोवतालच्या कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या गावांत कारखाने आले, कामगार आले, घरे आली. परंतु घरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाट कोणी आखली नाही.

हिशेब साधा आहे. शहरी पाणीपुरवठ्याचे मान दरडोई रोज १३५ लिटर धरतात व त्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे अभियंते मानतात. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाचे रोजचे सांडपाणी ५४० लिटर आणि शंभर कुटुंबांच्या इमारतीचे ५४,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तरी हे पाणी उपसण्यास रोज सहा खेपा लागतील. भुयारी गटार नसेल तेथे हे पाणी सेप्टिक टाकीत, तेथून शोषखड्ड्यात, खड्डा भरला की ओढ्यात आणि ओढ्यातून इंद्रायणीत किंवा भामेत जाते. आळंदीस इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात, दोन दिवस हळहळ होते. फेस नदीवर दिसतो. त्याचे मूळ कारखान्यांप्रमाणेच गटार नसलेल्या गावांतही आहे.

यावर काही सज्जन म्हणतात, गटारे होईपर्यंत नवी बांधकामे बंद ठेवा. हा उपाय ऐकावयास बरा वाटतो. पण बांधकाम थांबले म्हणून कामगार यावयाचा थांबत नाही. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहप्रकल्पास पर्यावरणाची मंजुरी घ्यावी लागते व आपले शुद्धीकरण केंद्र आपणच बांधावे लागते. त्याचा खर्च सदनिकेच्या किमतीत चढतो आणि ती कंत्राटी कामगाराच्या आवाक्याबाहेर जाते. जो मध्यम बांधणारा स्वस्त व कायदेशीर घरे देऊ शकला असता, त्याला जोडावयास गटार नाही. उरते ती ओढ्याकाठची विनापरवाना चाळ. म्हणून आम्ही म्हणतो की, गटाराच्या अभावी घरे बांधावयाची थांबत नाहीत. थांबते ते गरिबाचे कायदेशीर घर. ऐपतदाराला दाखल्यासह सदनिका आणि श्रमिकाला नोटिशीच्या धाकातली खोली, अशी वाटणी हे नसलेले गटार करीत असते.

आता आमच्या वस्त्यांकडे वळू. रमाई आवास योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास २६९ चौरस फुटांचे घर व शौचालय मिळते. हे आमच्या हक्काचेच आहे, उपकाराचे नाही. परंतु जुन्या गावरचनेत आमची वस्ती गावाबाहेर, बहुधा सखल जागी टाकली गेली. त्यामुळे वरच्या आळीचे सांडपाणी आमच्या दारावरून वाहते आणि आमच्या शौचालयाचा खड्डा पावसाळ्यात उमाळे देतो. छप्पर मिळाले, अस्वच्छता मात्र पूर्वीच्याच पत्त्यावर येते.

शेवटी टाकी तुंबते आणि ती साफ करण्यास माणूस बोलाविला जातो. तो कोणत्या समाजातला असतो हे या पत्राच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. २०१३ च्या कायद्याने गटारात व सेप्टिक टाकीत सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरविण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूस दहा लाख रुपये भरपाई ठरविली व २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. भरपाई वाढली, पण ती मेल्यानंतरची आहे. टाक्यांची संख्या वाढत राहिली आणि त्या उपसावयास यंत्रे नसली, तर कायदा कागदावर राहील व माणूस टाकीत उतरत राहील. गटार हा म्हणूनच केवळ अभियंत्यांचा विषय नव्हे. तो माणुसकीच्या हक्काचा विषय आहे.

आमची मागणी स्पष्ट आहे. नदीला ग्रामपंचायतीची हद्द समजत नाही. म्हणून महानगरपालिका, नगर परिषद, औद्योगिक विकास महामंडळ आणि २०१५ साली स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांनी प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्याची एकच योजना करावी. तिचा पहिला नळ सखल वस्तीपासून घालावा, कारण पाणी तेथेच जमते. ज्या उद्योगांनी या भूमीवर संपत्ती निर्माण केली, त्यांनी कामगारांच्या घरांच्या गटाराचा खर्च उचलावा. टाक्या यंत्रानेच उपसाव्यात.

आणि बांधवांनो, आपणही स्वस्थ बसू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासासाठी स्वतंत्र योजना आहे व तिच्यात गटारांचे काम बसते. येत्या ग्रामसभेस जा. आपल्या वस्तीचे नाव आराखड्यात आहे काय, निधी किती आला, तो कोठे खर्च झाला आणि गटाराचे पाणी शेवटी जाते कोठे, हे चार प्रश्न विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका. इतिवृत्तात लिहून घ्या.