शेडला किती अँपियर?

गेले तीन आठवडे आमच्या घरात एकाच विषयावर चर्चा चालू आहे. मुलीचं कॉलेज नाही, निवडणूक नाही. परसातल्या शेडला किती अँपियरचं पॅनेल बसवायचं, हा विषय!

आमची शेड म्हणजे 12 बाय 16 फुटांची लाकडी खोली, घरापासून साधारण 90 फुटांवर. इतकी वर्षं तिथे गवत कापायचं मशीन आणि टाकवत नाहीत अशा वस्तू होत्या. मे महिन्यात बाबा सांगलीहून इकडे ओहायोत आले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी तिथे सुतारकाम थाटलं. मी घराच्या खिडकीतून नारिंगी एक्स्टेन्शन कॉर्ड सोडून दिली. टेबल सॉ सुरू होताना जरा कण्हायची, पण चालायची. एका संध्याकाळी बाबांनी हाक मारली, "अरे, जरा इथे हात लाव." कॉर्डचा उरलेला भाग मी नीटनेटका गुंडाळून ठेवला होता. त्या वेटोळ्यावर हात ठेववेना.

बाबांची बत्तीस वर्षं वीज मंडळात गेली. (2005 मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, बिलावर महावितरण आलं, पण आमच्या घरात अजून मंडळच.) ते रागावले नाहीत. "आधी वेटोळं सोड, मग हिशेब सांगतो," एवढंच म्हणाले.

कॉर्ड सोळा नंबरच्या तारेची, लांबी 100 फूट. करवत 13 अँपियर ओढते तेव्हा दहाएक व्होल्ट त्या तारेतच संपतात, आणि सव्वाशे-दीडशे वॉटची निव्वळ उष्णता होते. ती गुंडाळीत कोंडली की व्हायचं तेच होतं. तेवढ्याच ताकदीची करवत सांगलीत 230 व्होल्टवर साधारण निम्माच करंट घेईल. इथे 120. "म्हणजे तुमच्याकडे तारेत काटकसर चालायची नाही," बाबांचा निष्कर्ष.

कॉर्ड बंद झाली. मग प्रत्येकाने आपापला आकडा सांगितला. शेजारी म्हणाला, 20 अँपियरचं एक सर्किट ओढ आणि मोकळा हो. मेहुणे फोनवरून म्हणाले, घरचंच मुख्य पॅनेल 200 चं करून घे, पुन्हा पुन्हा कोण करतंय! मी 100 वर अडलो होतो. का, तर मोठं असलेलं बरं. उद्या लागलं तर?

"उद्या काय लागणार आहे?" बाबांनी विचारलं.

"इलेक्ट्रिक गाडी घेतली तर..."

"शेडमध्ये लावणार आहेस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी मला निरुत्तर करणारा खरा प्रश्न विचारला : तिथे एका वेळी माणसं किती काम करणार? एक. एका माणसाला हात किती? म्हणजे करवत, ड्रिल आणि रंधा एकाच वेळी चालणार नाहीत. चालेल ती एक मोठी मशीन, तिच्यासोबत भुसा ओढणारा डस्ट कलेक्टर, दिवे, आणि थंडीत हिटर. मी मात्र सगळ्या मशीनवरचे आकडे वाचून बेरीज करत बसलो होतो.

हिटर 4000 वॉटचा धरला, तर 240 व्होल्टवर पावणेसतरा अँपियर. तो दोन्ही फेजवर येतो. करवतीचे 15 एका फेजवर, डस्ट कलेक्टरचे नऊ-दहा दुसऱ्यावर. जास्त भार असलेल्या फेजवरही दिवे धरून 33-34 होतात. बराच वेळ चालणारा भार सव्वापट धरायचा असतो, तसा धरला तरी 42-43. म्हणजे 60 पुरून उरतात. त्याहून खाली उतरण्यातही अर्थ नाही, कारण शेडमध्ये दोनपेक्षा जास्त सर्किटं घेतली की तिथला मुख्य स्विच निदान 60 चा हवा, असं इथला कोडच सांगतो.

आणि एक गोष्ट मी विसरलोच होतो. आमचं घर जुनं, घराचं मुख्य पॅनेलच 100 चं. त्यावर एसी, ड्रायर, स्वयंपाकाची शेगडी. शेडला 100 चा ब्रेकर देऊन घरात नवीन वीज थोडीच येणार होती! बाबांच्या भाषेत, मंजूर भार बघायच्या आधीच मी मोटार घ्यायला निघालो होतो.

माझं मत आता असं झालंय की आपण अँपियर गरजेने निवडत नाही, हौसेने निवडतो. मोठा आकडा म्हणजे सुरक्षित, असं उगाच वाटतं. पण ब्रेकर तारेला राखायला असतो. तार सहा नंबरची आणि ब्रेकर 100 चा, तर राखण कसली? (नंबर जितका लहान तितकी तार जाड, हे मलाही पन्नाशीत कळलं.)

हौस करायचीच तर ती जमिनीखाली करावी. खरं कष्टाचं काम म्हणजे खणणं. 811 ला फोन करून गॅसच्या, पाण्याच्या लाइनींच्या खुणा करून घ्यायच्या, मग पीव्हीसी पाइपावर 18 इंच माती राहील इतका चर, तो 90 फूट. म्हणून पाइप दीड इंची टाकतोय. मुलीला पुढेमागे मातीकामाची भट्टी हवी झाली तर जाड तारा ओढता येतील. डबाही 100 चा घेतलाय, रिकाम्या जागा भरपूर, पण घराकडून येणारा ब्रेकर 60 चाच. तारा चार. न्यूट्रल आणि अर्थ शेडच्या डब्यात वेगवेगळे, आणि शेडला स्वतःचे अर्थिंगचे रॉड. हे इलेक्ट्रिशियनने सांगायच्या आधी बाबांनीच त्याला विचारलं. तो त्यांच्याकडे बघतच राहिला :)

वाद उरला फक्त हिटरवर. "तो काढ यादीतून. थंडीत मी कुठे असतो इथे?" बाबा म्हणाले. खरंच आहे. दरवेळी ते उन्हाळ्यात येतात आणि दिवाळीच्या सुमारास परत जातात. यंदा शहात्तर पूर्ण झाली. पुढच्या वर्षीचं विचारलं की विषय बदलतात. (ताई, तुला फोनवर काही बोलले असतील तर मला कळव.)

मी हिटर ठेवला. परमिटच्या अर्जावर लिहून टाकलं, 4000 वॉट, 240 व्होल्ट. बाबांनी चष्मा लावून सगळा अर्ज वाचला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "याला दोन पोलचा ब्रेकर लागेल. आणून ठेव."