आधी दोरा ओवायला शिकवा

शिलाईच्या दुकानात नवा शागीर्द आला की चांगला उस्ताद पहिल्याच दिवशी त्याच्या हाती कापड देत नाही. बॉबिन भरणे, सुईत दोरा ओवणे, दोऱ्याचा ताण बघणे, मशीनला तेल घालणे, एवढेच काम तो आठवडाभर करून घेतो. दोरा तुटला की दुसऱ्याला हाक मारणारा पोरगा कधी कारागीर होत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. मात्र मुलांना कॉम्प्युटर शिकवायची वेळ आली की नेमकी हीच गोष्ट आपण विसरतो. आम्हीही विसरलो होतो.

आमच्या पुतण्याने एका क्लासमध्ये सहा महिने प्रोग्रामिंग शिकून घेतले. फी अठरा हजार रुपये. सर्टिफिकेट मिळाले, ते भावाने चौकट करून भिंतीवर लावले. २०२५ च्या पावसाळ्यात रामआळीत गिऱ्हाईक कमी होते, म्हणून आम्ही त्याला म्हटले, "घरच्या कॉम्प्युटरवर एवढे करून दे, की मीटर आणि दर घातले म्हणजे रक्कम निघावी आणि कट पीसची सूट आपोआप वजा व्हावी." पोरगा दोन तास बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "चाचा, क्लासमध्ये सगळे आधीच टाकलेले असायचे. इथे काहीच नाही."

पोराचा यात दोष नाही. त्याला दोरा ओवलेल्या मशीनवर शिकवले होते. प्रोग्राम लिहिण्याची जागा आपल्या यंत्रावर कशी उभी करायची, हे सहा महिन्यांत त्याला कुणी दाखवले नाही. शेवटी आमची बारावीत शिकणारी धाकटी मुलगी, पुतण्या आणि आम्ही असे तिघे बसलो आणि दोन संध्याकाळी खर्चून ते काम केले. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात, तेही दहावीपर्यंत. तरीही जे कळले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवणे आम्हाला जरुरीचे वाटते.

खर्च किती?

पहिली गोष्ट म्हणजे यात पैसा लागत नाही. पायथन ही भाषा गिदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली लोकांपुढे आणली. ती 'पायथन डॉट ऑर्ग' या तिच्या अधिकृत ठिकाणाहून फुकट मिळते. प्रोग्राम लिहायची 'आयडल' नावाची साधी खिडकी तिच्याबरोबरच येते. पुढे हात बसला की मायक्रोसॉफ्टचे 'व्हीएस कोड' घ्यावे, तेही फुकट आहे. चार जीबी मेमरीचा साधा कॉम्प्युटर या कामाला पुरतो. ज्यांच्याकडे विंडोज ७ चे जुने यंत्र धूळ खात पडले आहे त्यांनी ते भंगारात घालू नये. त्यावर नवे पायथन चढत नाही हे खरे, पण लिनक्स टाकले तर त्यात पायथन बहुधा आधीच असते. भाषेचे राखीव शब्द म्हणाल तर अवघे ३५. आमच्या दुकानातला पोऱ्या कापडाच्या जाती याहून जास्त पाठ म्हणतो.

अडचण कुठे येते?

अडचण पैशाची नाही, पहिल्या संध्याकाळची आहे. आम्ही पायथन टाकले, काळी खिडकी उघडली, पायथन असा हुकूम लिहिला, तर समोर मायक्रोसॉफ्टचे दुकान उघडले! आम्ही जन्मभर दुकानदारी केली, पण काम सांगितल्यावर दुकान दाखवणारा नोकर प्रथमच पाहिला. कारण शोधता कळले की पायथन टाकताना पहिल्याच पडद्यावर तळाशी 'पाथ' नावाची एक बारीक चौकट असते आणि तिच्यावर खूण करायची राहून गेली होती. पाथ म्हणजे गोदामांची यादी. नोकराला माल आणायला सांगितला, पण तो कोणत्या गोदामात आहे ते यादीत नाही, मग तो बिचारा काय करणार? पुन्हा इन्स्टॉल करून खूण केली आणि काम सुरू झाले. एवढ्या बारीक चौकटीपायी आमची पहिली संध्याकाळ गेली.

दुसरा अडथळा फाइलच्या नावाचा. पुतण्याने नोटपॅडमध्ये चार ओळी लिहिल्या, शेवटी 'डॉट पीवाय' लावून जतन केल्या, तरी त्या चालेनात. नोटपॅडने गुपचूप मागे 'डॉट टीएक्सटी' जोडले होते आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवते. फाइलची पूर्ण नावे दिसावीत अशी सोय विंडोजमध्ये असते, ती आधी चालू करून घ्यावी.

तिसरा अडथळा लाल अक्षरातील इंग्रजी मजकुराचा. आमच्यासारख्या माणसाला तो पाहिला की साहेबाने रागे भरल्यासारखे वाटते. पण मुलीनेच आम्हाला समजावले, "अब्बा, हे रागावणे नाही. शेवटची ओळ वाचा. काय चुकले ते तिथे असते आणि कितव्या ओळीत चुकले ते तिच्या वर असते." तेव्हापासून आमची भीती गेली. पेढीवरचा जुना मुनीम रोजमेळ जुळला नाही तर नेमक्या पानावर बोट ठेवी, तसेच हे.

भाषेची भीती बाळगणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. प्रोग्रामच्या मजकुरात अंक इंग्रजीच लिहावे लागतात. पण प्रोग्राम चालू असताना तो दर विचारतो, तेव्हा आम्ही मराठी अंकात १४५ लिहिले आणि त्याने ते बरोबर वाचून हिशेब केला. मग आम्ही उर्दू अंकात तेच लिहिले, तेही त्याने वाचले. शाळेत ज्या अंकांत पाढे गिरवले ते हे यंत्र ओळखते, याचा त्या रात्री आम्हाला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

उपयोग काय?

आमचे काही दोस्त विचारतात, कापड विकणाऱ्याला या उचापती कशाला? त्यांना एकच दाखला देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरचा जीएसटी बदलला. पूर्वी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. आमच्या विकतच्या बिलिंग प्रोग्राममध्ये हा फरक करून घ्यायला आम्हाला माणसाची चार दिवस वाट पाहावी लागली. मुलीने मात्र घरच्या छोट्या प्रोग्राममध्ये दोन आकडे बदलले आणि पाच मिनिटांत मोकळी झाली.

मोकळी झाली खरी, पण चूक राहिली होती. बरोबर २,५०० रुपयांच्या नगावर यंत्र १२५ रुपयांऐवजी ४५० रुपये कर दाखवू लागले. तिने '२,५०० पेक्षा कमी' असे लिहिले होते, पाहिजे होते '२,५०० किंवा त्याहून कमी'. ही चूक आम्ही पकडली, कारण कायदा आम्हाला माहीत होता. दुरुस्त तिने केली, कारण यंत्र तिला माहीत होते. व्यापाऱ्याचे ज्ञान आणि मुलांचे हुनर एका टेबलावर आले तर काय होते, ते आम्ही त्या दिवशी पाहिले. अर्थात रिटर्न भरण्याचे काम आजही आमचे लेखापालच करतात आणि त्यांनीच करावे. छोट्या हिशेबासाठी मात्र आम्हाला आता कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

कापडवाल्यांनी या विद्येला परके मानावे असेही काही नाही. फ्रान्सच्या जाकार्डने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी मागावर नक्षी विणून घेण्याची युक्ती काढली. पुढे इंग्लंडच्या बॅबेजने आपल्या गणिती यंत्रासाठी त्याच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. ज्यांना आपण जेकार्ड म्हणतो त्या मागांशी कॉम्प्युटरचे असे जुने नाते आहे.

काही जण म्हणतात, आता नुसते विचारले तरी यंत्रच प्रोग्राम लिहून देते, मग शिकायचे कशाला? लिहून देते, हे खरे. पण आम्ही कापड घेताना व्यापाऱ्याने 'प्युअर कॉटन' म्हटले म्हणून घेतो का? एक धागा काढून जाळतो. कागदासारखा वास आला तर सूत, वितळून गोळी झाली तर पॉलिस्टर. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रामही आपल्या यंत्रावर चालवून, २,५०० चा नग घालून, पारखूनच घ्यावा लागतो. त्यासाठी ती जागा घरात उभी पाहिजे आणि लाल ओळ वाचता आली पाहिजे.

मग करावे काय?

क्लास लावू नका असे आमचे म्हणणे नाही. फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: पहिल्या आठवड्यात आमच्या मुलाकडून त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर सगळे बसवून घ्याल का? उत्तर टाळले तर दुसरीकडे जा. ज्यांना क्लास परवडत नाही, किंवा ज्या मुलींना संध्याकाळी गावाकडच्या शेवटच्या एसटीमुळे शहरात थांबता येत नाही, त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे. पडद्यावर कृती दाखवत छोटे छोटे धडे त्यात आहेत, अनेक धड्यांना मराठी आवाज दिलेला आहे, आणि ते फुकट आहेत.

पण पहिली संध्याकाळ धड्याने पुरती सुटत नाही, शेजारी माणूस लागतो. आपल्या मोहल्ल्यांतील संस्था वह्या आणि शिष्यवृत्त्या वाटतात, ते काम मोठेच आहे. त्याच्या जोडीला महिन्यातून एका रविवारी दोन जाणती मुले बसवावीत. ज्याने त्याने आपला लॅपटॉप आणावा आणि चालू करून घेऊन जावा. खर्च चहाचा.

आमच्या पुतण्याने ते काम आता अंगावर घेतले आहे. गेल्या महिन्यात राजिवड्याच्या दोघा मुलांना त्याने घरी बोलावून सगळे बसवून दिले. 'पाथ'ची चौकट आली तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "इथे मी हात लावणार नाही. खूण तुम्ही करा."