ध्रुपद कोण उचलणार?

१७ मार्च २०२० रोजी शिर्डीचे समाधी मंदिर दर्शनासाठी बंद झाले, ते १६ नोव्हेंबरला उघडले. त्या आठ महिन्यांत आरत्या चालूच होत्या आणि लांबलांबची माणसे त्या पडद्यावर पाहत होती. आपल्या कीर्तनकारांपैकी अनेकांनी मोबाइलसमोर उभे राहून पहिले कीर्तन केले, तेही याच काळात. आज मंदिरे उघडी आहेत, तरी परदेशातल्या मराठी मंडळांची, घराबाहेर पडू न शकणाऱ्या ज्येष्ठांची ऑनलाइन कीर्तनाची मागणी संपलेली नाही. तक्रारही तीच आहे: पूर्वरंग संपायच्या आत निम्मे श्रोते उठून जातात.

श्रोत्यांचे अवधान कमी झाले, असे म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. तेच श्रोते शिर्डीची माध्यान्ह आरती पडद्यावर शेवटपर्यंत ऐकतात. तिथे पाहायला नवे काही नसते. पण बारा वाजले की घरातला माणूस उभा राहतो, टाळी धरतो, पाठ असलेली ओळ स्वतः म्हणतो. आरतीत त्याला काम आहे. आपल्या ऑनलाइन कीर्तनात आपण त्याच्या हातचे काम काढून घेतले आणि त्याला नुसते बघत बसवले.

यावर उपाय म्हणून झगमगती पार्श्वभूमी, फिरती अक्षरे, दोन-तीन कॅमेरे असा खर्च सुरू झाला आहे. शिर्डीत बसून लिहिताना इथे दासगणू महाराजांची आठवण होणे अपरिहार्य आहे. अकोळनेरला १८६८ साली जन्मलेले, पोलीस खात्यात नोकरी केलेले हे कीर्तनकार अंगरखा, उपरणे, फेटा अशा थाटात कीर्तनाला निघाले असता साईबाबांनी त्यांना तो पोशाख उतरवायला लावला. पुढे ते कमरेच्या वर उघडेच उभे राहत. हातात चिपळ्या, गळ्यात हार. हेमाडपंतांनी साईसच्चरिताच्या पंधराव्या अध्यायात हा प्रसंग सांगितला आहे. कुणाला विद्वत्ता आवडते, कुणाला हावभाव, कुणाला गाणे, हेही ते तिथेच नोंदवतात. श्रोत्यांच्या आवडीनिवडीचा इतका नेमका विचार करणारा तो अध्याय प्रत्येक कीर्तनकाराने व्यवसायाच्या नजरेनेही वाचावा.

दुसरा दाखला गाडगेबाबांचा. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. चित्र नाही, नुसता आवाज. तरी ते ऐकताना आजही माणूस जागचा हलत नाही. बाबा विचारतात, समोरचे उत्तर देतात. त्या उत्तरावर बाबा पुढचा प्रश्न उभा करतात. आपणही मनातल्या मनात उत्तर देऊ लागतो. श्रोता दिसत नसतानाही त्याला गुंतवता येते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

आता अडचणीच्या मुळाशी येऊ. सभामंडपात टाळकरी ध्रुपद उचलतात ते त्याच क्षणी. इंटरनेटवर आवाज पोचायला वेळ लागतो. साध्या बोलण्यासाठी एका बाजूचा दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो. ताल धरायला तो फारच जास्त आहे. म्हणून ‘सगळ्यांनी माइक चालू करा आणि नाम घ्या’ म्हटले की गजराचा कल्लोळ होतो आणि श्रोता संकोचून गप्प बसतो. ही चूक कृपा करून थांबवावी. श्रोत्यांचे माइक बंदच असू द्या, पण त्यांना घरी मोठ्याने म्हणायला सांगा आणि ध्रुपद तुमच्याच खोलीत उचलायला दोन टाळकरी बसवा. एकट्याने केलेले नारदीय कीर्तनही झीलकऱ्यावाचून पडद्यावर कोरडे वाटते. चिपळ्या आणि पेटीचा लांबवलेला सूर यांना ऑनलाइन सभेची आवाज गाळणारी यंत्रणा गोंगाट समजून कापते. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू केल्यावर ते बरेचसे टिकतात.

पूर्वरंग आटोपशीर ठेवा. निरूपण पडद्यासाठी पातळ करा, असे मी म्हणत नाही. प्रमाणांची रांग कमी करा. अभंग पडद्यावर दाखवायचा तर फक्त ध्रुपद दाखवा आणि लगेच काढा, कारण तो दिसत असतो तोवर तुमचा चेहरा कोपऱ्यातल्या चौकोनात गेलेला असतो आणि अभिनय वाया जातो. पूर्वरंगाच्या शेवटी एक प्रश्न टाका, नामगजर चालू असताना उत्तरे लिहून येऊ द्या. टाळकऱ्यांपैकी एकाने ती वाचावीत आणि बुवांनी, ताईंनी आख्यानात त्यातल्या दोन-तीन उत्तरांना गावाच्या नावासह जागा द्यावी. आपले उत्तर कीर्तनात आले की माणूस घरच्यांनाही हाक मारून बसवतो. बघणाऱ्यांचा आकडा मात्र कीर्तन चालू असताना समोर ठेवू नका. तो खाली गेला की आवाज चढतो, विनोद वाढतात, आणि जे टिकून ऐकत असतात त्यांचा रसभंग होतो.

आयोजकांशीही हे आधीच बोलून घ्यायला हवे. ऑनलाइन म्हटल्यावर ‘तुम्ही एकटेच या, साथ नको’ असा आग्रह होतो आणि बिदागीही तशीच ठरते. तबला, पेटी, दोन टाळकरी आणि आवाज सांभाळणारा एक जाणकार माणूस, इतक्यांचे मानधन धरूनच निमंत्रण स्वीकारावे.